गालातील वाट शोधणारा शरीरशास्त्रज्ञ : नील्स स्टेन्सन

सिल्वासा येथे २०१९ मध्ये नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था सुरू झाली आणि दादरा व नगर हवेलीतील मुलामुलींना श्री विनोबा भावे शासकीय रुग्णालयाच्या आधाराने आपल्याच प्रदेशात डॉक्टरकीचे शिक्षण मिळू लागले. येथे काय किंवा अन्यत्र काय, या शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला चेहऱ्याच्या भागात एक बारीक, पांढुरकी नळी ओळखावी लागते. कानापुढील ग्रंथीतून ती निघते, जबड्याच्या जाड चर्वणस्नायूवरून आडवी पुढे येते, त्याच्या कडेशी आत वळते, गालाचा स्नायू भेदते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. तिला स्टेन्सनची नलिका म्हणतात. परीक्षेत हे नाव लिहिले की बहुतेकांचे काम भागते, आणि स्टेन्सन कोण हा प्रश्न तसाच मागे राहतो.

ही नळी शोधणारा तरुण तेव्हा बावीस वर्षांचा होता, परमुलखात होता आणि त्याच्याजवळ कोणतीही पदवी नव्हती. या शोधापायी त्याला स्वतःच्या गुरूशी उघड वाद घालावा लागला. पुढे ग्रंथी, स्नायू, मेंदू आणि पृथ्वीचे थर अशा चार क्षेत्रांत त्याने पायाभूत काम केले आणि वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच विच्छेदनाची सुरी कायमची खाली ठेवली.

नील्स स्टेन्सन यांचा जन्म डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात, तेथील तत्कालीन पंचांगानुसार १ जानेवारी १६३८ रोजी झाला. लॅटिन ग्रंथांतून त्यांचे नाव निकोलस स्टेनो असे येते. वडील सोनार होते आणि राजा चौथा ख्रिश्चन याच्यासाठी दागिने घडवीत. तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत मुलाला आजाराने घरात खिळवून ठेवले. सवंगडी नव्हते, त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या धर्मविषयक गप्पा ऐकतच ती वर्षे गेली. आजार हटतो न हटतो तोच वडील वारले आणि आईने दुसरा विवाह केला. सोनाराच्या घरातील बारीक हत्यारांची सवय आणि मऊ, नाजूक वस्तू न दुखावता हाताळण्याची शिस्त हे मात्र वडिलांच्या पेढीचेच देणे असावे, असे त्यांचे पुढील काम पाहता वाटते.

१६५४-५५ मध्ये कोपनहेगनला प्लेगने ग्रासले. स्टेन्सन यांच्या शाळेतील सुमारे २४० मुले त्या साथीत दगावली. वाचलेल्या या विद्यार्थ्याने १६५६ मध्ये विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे लसिकावाहिन्यांच्या संशोधनामुळे युरोपभर नाव झालेले थॉमस बार्थोलिन हे त्यांचे मार्गदर्शक होते. पण शिक्षण धड सुरू होण्यापूर्वीच स्वीडनच्या सैन्याने शहराला वेढा घातला आणि विद्यार्थ्यांना तटबंदीवर उभे राहावे लागले. त्या धामधुमीत स्टेन्सन यांनी वाचलेल्या ग्रंथांची टिपणे काढली. ती वही आजही उपलब्ध आहे. विषयांची सरमिसळ इतकी की त्यांनी स्वतःच तिच्या माथ्यावर गोंधळ या अर्थाचा शब्द लिहून ठेवला आहे.

१६६० च्या वसंत ऋतूत ते ॲम्स्टरडॅमला पोहोचले आणि गेरार्ड ब्लासियस या वैद्यकाच्या अध्यापकाच्या घरी राहू लागले. ब्लासियस यांच्याकडून ते शरीररचनेचे धडे घेत. ७ एप्रिल १६६० रोजी त्यांनी मेंढीचे एक डोके विकत आणले आणि खोलीत एकटेच विच्छेदनाला बसले. पाहायचा होता मेंदू, परंतु त्याआधी तोंडाच्या बाजूने जाणाऱ्या वाहिन्या तपासाव्यात असे त्यांच्या मनात आले. एका वाहिनीत सळई सरकवली तेव्हा ती अरुंद नळीतून सुटून मोकळ्या पोकळीत गेल्यासारखी वाटली, आणि पुढच्याच क्षणी तिचे टोक दातावर आपटल्याचा आवाज आला.

रक्तवाहिनी तोंडात उघडत नाही. मग ही वाट कोणाची?

त्यांनी ब्लासियस यांना बोलावून ती दाखवली. गुरूंनी आधी सळई जोराने खुपसल्यामुळे भोक पडले असावे असे मानले. ते पटेना तेव्हा निसर्गाची एखादी विकृती म्हणून त्यांनी विषय झटकला. लंडनचे वैद्य थॉमस व्हॉर्टन यांचा ग्रंथींवरील ग्रंथ चारच वर्षांपूर्वी, १६५६ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. जबड्याखालील ग्रंथीतून जिभेखाली येणारी नळी त्यांनी त्यात वर्णिली होती, आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गुरुशिष्यांनी तो ग्रंथ चाळला, परंतु गालातील या नळीचा त्यात उल्लेख नव्हता. काही दिवसांनी स्टेन्सन यांनी कुत्र्याचे डोके तपासले. तेथेही ती वाट होती, जरा अस्पष्ट एवढेच. एका मित्राला त्यांनी ही हकिकत सांगितली आणि तूर्त गप्प राहिले.

जुलै १६६० मध्ये, म्हणजे सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले त्याच महिन्यात, स्टेन्सन यांनी लायडन विद्यापीठात नाव नोंदवले. तेथे फ्रान्सिस्कस सिल्व्हियस आणि योहानेस फान होर्न हे दोन नामांकित अध्यापक होते. सिल्व्हियस यांनी मानवी देहात ती नळी शोधली आणि ती सापडली. फान होर्न यांनी जाहीर विच्छेदनात सर्वांसमोर ती दाखवली आणि तिला शोधकर्त्याचे नाव दिले. विद्यार्थ्याच्या नावाने शरीराचा एक अवयव ओळखला जावा, हा मान क्वचितच कोणाला मिळाला असेल.

इथपर्यंतची कथा सरळ होती. पुढच्या वर्षी ब्लासियस यांनी वैद्यकावरील एक पुस्तक काढले आणि त्यात ही नळी आपणच शोधल्याचे सूचित केले. परदेशातून आलेल्या, अजून पदवीही न मिळवलेल्या विद्यार्थ्यावर दुसऱ्याचे श्रेय लाटल्याचा ठपका आला. ज्यांच्या घरचे अन्न खाल्ले त्यांच्याशी भांडणे स्टेन्सन यांच्या स्वभावात नव्हते. तरी गप्प राहणे म्हणजे चोरी कबूल करणे ठरले असते. बार्थोलिन यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी घडलेला प्रसंग तारीखवार मांडला आणि दावा कोणाचा खरा हे ठरवण्यासाठी साक्षीदारांऐवजी नळीलाच पुढे केले. ब्लासियस यांच्या वर्णनात नळी कोठे सुरू होते आणि कोठे संपते हेच नीट आलेले नव्हते. जो वाट चालून आला आहे त्याला तिची दोन्ही टोके ठाऊक असणारच, हा त्यांचा युक्तिवाद. मोठ्या आवाजाने न बोलताही तो बिनतोड होता. ब्लासियस यांच्या बाजूने काहींनी कडवट लिखाण केले, पण अभ्यासकांचा कौल तरुणाकडे गेला.

जुलै १६६१ मध्ये लायडनला त्यांनी तोंडातील ग्रंथींवर प्रबंध सादर केला आणि त्यावर जाहीर वादसभा झाली. १६६२ मध्ये त्याचे विस्तारित रूप पुस्तकाने आले. एका नळीवर न थांबता त्यांनी गाल आणि टाळू यांतील बारीक ग्रंथींच्या वाटा शोधल्या, डोळ्याकडे वळून अश्रुग्रंथीच्या नलिकाही दाखवल्या. या कामाचे मोल समजण्यासाठी तेव्हाचा समज काय होता हे ध्यानात घेतले पाहिजे. ग्रंथी म्हणजे वाहिन्यांना टेकू देणाऱ्या उशा, किंवा मेंदूतील जादा ओलावा गाळून खाली सोडणारे स्पंज, अशी कल्पना विद्वानांत रूढ होती. अश्रू हेही मेंदूतूनच पाझरतात असे मानले जाई. आपल्याकडे आयुर्वेदाने जिभेच्या मुळाशी राहून रसाचे ज्ञान करून देणारा बोधक कफ मानला. लाळेचे कार्य त्यात नेमके हेरले गेले, मात्र तिच्या उगमाचा शोध हा हाताने उकलून पाहण्याचा विषय होता. स्टेन्सन यांनी सांगितले की ग्रंथी आपला द्रव धमनीने आणलेल्या रक्तातून स्वतः तयार करते आणि नळीवाटे योग्य ठिकाणी पोहोचवते. अश्रूंचे रोजचे काम दुःख दाखवणे नसून बुबुळ ओले ठेवणे आहे, हेही त्यांनी त्याच ओघात मांडले.

पुढील साडेतीनशे वर्षांत या ग्रंथींविषयी जे कळले ते त्यांच्या या एका विधानाचा विस्तारच म्हणावा असे आहे. मनुष्याला लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढील अनुकर्ण ग्रंथी सर्वांत मोठी. तिचा द्रव पाण्यासारखा पातळ असतो. जबड्याखालील अधोहनु ग्रंथीचा द्रव मिश्र, तर जिभेखालील अधोजिव्ह ग्रंथीचा बहुतांशी चिकट. यांखेरीज ओठ, गाल, टाळू आणि जीभ यांच्या अस्तरात शेकडो लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथी द्राक्षाच्या घडासारखी दिसते. मण्यांच्या भिंतीतील पेशी रक्तातून पाणी आणि क्षार घेऊन द्रव बनवतात, देठांसारख्या बारीक नळ्या त्यातील मीठ बरेचसे परत शोषून घेतात, आणि हे देठ जुळत जुळत मुख्य नलिका होते. म्हणून लाळ रक्तातून निघूनही रक्तासारखी खारट लागत नाही. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. झोपेत ती जवळजवळ थांबते, जागेपणी एरवी बराचसा वाटा अधोहनु ग्रंथीचा असतो, आणि घास तोंडात आला की अनुकर्ण ग्रंथी जोर धरते.

सिल्वासा परिसरातील घरांत नागलीची भाकरी हे रोजचे अन्न. तिचा घास सावकाश चावत राहिले की थोड्या वेळाने गोडसर लागू लागतो. लाळेतील टायलिन हे विकर पिठातील स्टार्चचे तुकडे करून त्यातून साखर मोकळी करते, त्याची ही चव. पचनातील तिचा वाटा एवढाच असता तरी एक वेळ चालले असते, कारण स्टार्च पुढे आतड्यातही पचतो. परंतु लाळ नसेल तर कोरडा घास गिळता येत नाही, चव कळत नाही, बोलताना जीभ अडखळते आणि दात झपाट्याने किडतात. खाल्ल्यानंतर तोंडात तयार होणारे आम्ल ती सौम्य करते, दाताच्या कवचाला कॅल्शियम पुरवते, जंतूंना रोखणारी द्रव्ये आणते. डोक्याच्या किंवा मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या अनेक रुग्णांच्या या ग्रंथी सुकतात. तोंड सतत कोरडे पडणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही.

या ग्रंथींचा जन्मही मोठा विलक्षण असतो. गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असताना तोंडाच्या अस्तरावर एक लहानसा कोंब उठतो आणि शेजारच्या मऊ ऊतीत शिरतो. अनुकर्ण ग्रंथीचा कोंब सर्वांत आधी निघतो. तो कानाच्या दिशेने वाढतो, त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या. प्रारंभी या दोऱ्या भरीव असतात. पुढे त्या आतून पोकळ होऊन नळ्या बनतात आणि टोकांशी द्रव तयार करणारे मणी धरतात. म्हणजे आधी वाट पडते आणि मग तिच्या टोकाशी ग्रंथी वसते. गालातील ज्या जागी तो पहिला कोंब फुटतो, तेथेच नळीचे तोंड कायम राहते. स्टेन्सन यांची सळई त्या सकाळी ज्या मार्गाने सरकली तो गर्भातील वाढीचा मार्ग होता, फक्त दिशा उलट होती. ही गोष्ट त्यांना कळण्याजोगी नव्हती. अनुकर्ण ग्रंथीभोवतीचे आवरण मात्र उशिरा तयार होते, त्यामुळे काही लसिकाग्रंथी तिच्या आतच अडकून राहतात. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी चेतातंतूही याच ग्रंथीतून जाते. तिला इजा होऊ न देता ग्रंथीतील गाठ काढणे हे आजही शल्यविशारदाच्या कौशल्याची कसोटी घेणारे काम आहे.

ग्रंथींनंतर स्टेन्सन स्नायूंकडे वळले. हृदय हे उष्णतेचे किंवा प्राणशक्तीचे आसन नसून इतरांसारखाच एक स्नायू आहे, असे त्यांनी सांगितले तेव्हा अनेकांना ते पटले नाही. १६६४ मध्ये ते मायदेशी परतले. कोपनहेगन विद्यापीठातील जागा त्यांच्याऐवजी दुसऱ्याला देण्यात आली. लायडनने त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना अनुपस्थितीत वैद्यकाची पदवी दिली. पॅरिसमध्ये १६६५ साली मेंदूवर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी देकार्त यांचे मेंदूविषयीचे वर्णन प्रत्यक्ष मेंदूशी जुळत नाही हे शांतपणे दाखवून दिले. स्वतःला काय माहीत नाही ते आधी सांगून मग बोलायला सुरुवात करणारा हा वक्ता त्या सभेला नवाच होता.

१६६६ मध्ये ते फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या आश्रयास आले. त्याच वर्षी लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडली गेली आणि ग्रँड ड्यूक दुसरा फर्दिनांदो याने तिचे डोके त्यांच्याकडे तपासणीसाठी पाठवले. माल्टा बेटावर सापडणारे जिभेच्या आकाराचे दगड म्हणजे प्राचीन शार्कचे दात आहेत, हे त्यांना त्या जबड्यात पाहता आले. मग समुद्रातील दात डोंगराच्या पोटात कसे गेले? त्यातून १६६९ चा लहानसा ग्रंथ जन्मला. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा भूशास्त्राचा मूळ नियम त्यात आहे. स्त्रीच्या बीजकोशात अंडी असतात हेही त्यांनी याच सुमारास मांडले.

मात्र त्यांचे मन दुसरीकडे ओढले जात होते. लूथरपंथी घरात वाढलेल्या स्टेन्सन यांनी नोव्हेंबर १६६७ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला. १६७२ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्यांना शरीरशास्त्रज्ञ म्हणून सन्मानाने बोलावले. १६७३ मध्ये त्यांनी एका स्त्रीदेहाचे जाहीर विच्छेदन करून कामाला आरंभ केला, पण त्या लूथरपंथी राज्यात परपंथीय म्हणून त्यांची घुसमट होत राहिली. १६७४ मध्ये ते निघून गेले आणि पुढच्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये धर्मगुरू झाले. १६७७ मध्ये त्यांना बिशप करून उत्तर जर्मनीत पाठवण्यात आले. हॅनोव्हरला लायब्निझ यांची त्यांची भेट होई. एवढा मोठा निसर्गशास्त्रज्ञ सामान्य धर्मपंडित होऊन बसला, याची खंत लायब्निझ यांना वाटली. विज्ञानाच्या बाजूने पाहणाऱ्याला आजही तसेच वाटते. पण श्रद्धा त्यांनी सोयीसाठी पत्करली नव्हती, आणि तिची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने दिली. म्युन्स्टरमध्ये बिशपच्या निवडणुकीत पैशाचा व्यवहार झाल्याचे दिसताच निषेध म्हणून त्यांनी ते शहर सोडले. श्वेरिनमध्ये अंगठी आणि क्रूस विकून पैसे गरिबांना दिले. अंगावर जुना झगा, आठवड्यातील बरेच दिवस उपास. ज्याने अन्नाच्या पहिल्या पायरीचे रहस्य उलगडले, तो अखेरची वर्षे जवळजवळ अन्नाविना राहिला. भयंकर पोटशुळाने ५ डिसेंबर १६८६ रोजी ते गेले. वय ४८. त्याच वर्षी दक्षिणेत औरंगजेबाने विजापूर घेतले होते. मेदिची घराण्याने त्यांचा देह फ्लॉरेन्सला नेऊन सान लोरेन्झो चर्चमध्ये दफन केला. १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केले.

त्यांची नळी मात्र प्रयोगशाळेत राहिली. १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी चेतातंतू चेतवला की लाळ वाहते हे दाखवले. रशियात इव्हान पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्याच्या लाळनलिकेचे तोंड शस्त्रक्रियेने गालाच्या बाहेर वळवण्यात आले, त्यामुळे थेंब मोजता येऊ लागले. अन्न न दाखवता केवळ त्याची चाहूल देणाऱ्या खुणेने लाळ कशी सुटते, याचा प्रसिद्ध अभ्यास त्या थेंबांवर उभा आहे. बाजारात चिंच नुसती दिसली तरी तोंडाला पाणी सुटते, त्याचे शास्त्रीय उत्तर येथे सापडते.

गालगुंड झालेले मूल घेऊन आई दवाखान्यात येते, किंवा एखाद्या प्रौढाला जेवताना कानाखाली कळ येऊन सूज दिसू लागते, तेव्हा डॉक्टर त्यांना तोंड उघडायला सांगतात. गाल थोडा बाजूला करून वरच्या दुसऱ्या दाढेसमोर बॅटरीचा उजेड टाकतात. तेथे अस्तरावर एक लहानसा उंचवटा असतो. एका हाताने कानापुढील ग्रंथी हळूच दाबली की त्या उंचवट्यावर थेंब जमतो. तो स्वच्छ आहे, गढूळ आहे की येतच नाही, एवढ्यावरून पुष्कळ काही कळते.